मिड झिरो, बाकी सगळं दहा? नका ठेवू ताई

पत्र असं आहे:

"नमस्कार. मी ४८ वर्षांची, त्रिमूर्तीनगरला राहते, बँकेत नोकरी. मुलगा पुण्याला जॉबला गेला आणि त्याची इलेक्ट्रिक गिटार नि छोटा अँप घरी तसाच पडून होता. कॉलेजात असताना मी साधी गिटार थोडीफार शिकले होते म्हणून परत हातात घेतली. पण काहीही वाजवलं की चरचर होते, पूर्ण कॉर्ड वाजवली तर कोणता सूर कोणता तेच कळत नाही, आणि कूलर चालू केला की अँपमधून घूंऽऽ सुरू होतं. मुलाला फोन केला तर म्हणतो, आई मिड झिरो कर, बाकी सगळं दहावर ठेव, आणि एक पेडल घेऊन टाक. गिटारवर तीन नॉब नि पाच जागी अडकणारा एक स्विच आहे. अँपवर गेन, बास, मिड, ट्रेबल, व्हॉल्यूम आणि एक बटण, दाबलं की लाल लाइट लागतो, तो सध्या लागलेलाच असतो. मला सोसायटीच्या गणपतीत जुन्या हिंदी गाण्यांच्या चाली वाजवायच्या आहेत, बाकी काही नाही. कोणता नॉब किती नंबरवर ठेवायचा ते लिहून द्या, मी कागद अँपला चिकटवून ठेवते."

ताई, सगळ्यात पहिले ते लाल लाइटचं बटण बंद करा. अर्धा त्रास तिथेच संपेल बघा.

ते बटण म्हणजे ओव्हरड्राइव्हचं चॅनल, त्यात अँप आवाज मुद्दाम फाडून बाहेर काढतो. मुलगा तुम्हाला चुकीचं सांगून राहिला असं मी म्हणत नाही, त्याची सेटिंग ऐकून वाटतं तो मेटल (दणदणीत रॉक संगीत) वाजवत असणार आणि घरी एकट्याने वाजवताना मिड झिरो नि बाकी दहा हे खरंच भारी वाटतं, छाती दणाणते. पण तुम्हाला चाल वाजवायची आहे, म्हणजे एकेक सूर स्वच्छ, गोल, लांबलेला ऐकू यायला पाहिजे, आणि त्या दोन गोष्टी एकाच सेटिंगवर होत नाहीत. तुम्ही तीन महिने त्याच्या सेटिंगवर रियाज केला तरी आवाज त्याच्याच कामाचा निघणार.

कागदाचं म्हणाल तर चिकटवा खुशाल, पण पेन्सिलने लिहा. नॉबवरचा नंबर फक्त तो किती फिरला एवढंच सांगतो, आवाज किती नि कसा ते नाही. एका अँपचा पाच दुसऱ्या अँपच्या आठाएवढा असू शकतो, आणि तोच अँप कोपऱ्यात ठेवला नि खोलीच्या मधात ठेवला तरी आवाज बदलतो. म्हणून मी देतोय ते आकडे सुरुवातीचे, तिथून पुढे कानाने जायचं.

सुरुवात अशी करा. अँपचा व्हॉल्यूम शून्यावर, मग केबल गिटारला नि अँपला लावा, मग अँप चालू करा (चालू अँपमध्ये केबल खुपसली की तो जो धाडकन आवाज येतो त्याने स्पीकरही वैतागतो नि घरातले पण). गिटारचे तिन्ही नॉब पूर्ण उघडे म्हणजे दहावर. अँपचा गेन ३, बास ४, मिड ६, ट्रेबल ५ (बास खालच्या सुरांचा नॉब, मिड मधल्यांचा, ट्रेबल वरच्यांचा). आता व्हॉल्यूम हळूहळू वाढवा, घरात कोणी तुमच्याशी नेहमीच्या आवाजात बोललं तर ऐकू येईल इथपर्यंतच. त्याच्या आधी ट्यूनिंग, हे सांगायची गरज नाही असं वाटतं पण सांगतो, कारण पडून राहिलेल्या गिटारीच्या तारा उतरलेल्या असतात आणि माणूस तासभर नॉब फिरवत बसतो, त्रास मात्र ट्यूनिंगचा असतो. मोबाइलवर फुकटचं ट्यूनर अ‍ॅप मिळतं, जाडीकडून बारीक तारेकडे ई ए डी जी बी ई, एवढं लावून घ्या.

आता गेन आणि व्हॉल्यूम, कारण खरा घोळ इथे आहे आणि नवीन माणूस शंभर टक्के इथेच अडकतो, दोन्ही वाढवले की आवाज वाढतो मग दोन नॉब कशाला दिले असं वाटतं. गिटारमधून येणारा सिग्नल एकदम बारका असतो, अँपच्या पहिल्या टप्प्यात तो मोठा होतो, तिथे किती मोठा करायचा ते गेन ठरवतो. तयार झालेला आवाज स्पीकरमधून किती जोरात काढायचा ते व्हॉल्यूम ठरवतो. पहिल्या टप्प्याची एक मर्यादा आहे, सिग्नल त्याच्या वर गेला की लाटेचं डोकं छाटलं जातं, आणि त्या छाटलेल्या लाटेचा आवाज म्हणजेच डिस्टॉर्शन. मंडळाचा माणूस माइक ओठाला चिकटवून "हॅलो हॅलो, देणगीदारांनी" म्हणतो तेव्हा त्याचा आवाज कसा फाटतो, साउंडवाल्याने मागून व्हॉल्यूम कमी केला तरी फाटलेलाच राहतो, फक्त हळू फाटलेला येतो, तसंच हे. म्हणून आवाज फाटत असेल तर गेन कमी करायचा, आणि आवाज छोटा वाटत असेल तर व्हॉल्यूम वाढवायचा, उलटं करायचं नाही.

आणि तुमच्या कॉर्डचा जो गोंधळ होऊन राहिला त्याचं कारण तुमची बोटं नाहीत. स्वच्छ आवाजात सी मेजर वाजवली की सी, ई, जी हे तीन सूर एकमेकांशेजारी नीट बसतात. तोच सिग्नल डिस्टॉर्शनमध्ये गेला की त्या सुरांच्या बेरजा-वजाबाक्या होऊन नवीनच सूर तयार होतात, जे तुम्ही वाजवलेलेच नाहीत, आणि त्यातले बरेचसे कॉर्डमध्ये बसत नाहीत. तिसरा सूर म्हणजे तो ई मधात असला की ही खिचडी फार होते. म्हणून तर मेटलवाले पूर्ण कॉर्ड टाळतात, नुसता मूळ सूर नि पाचवा सूर वाजवतात, पॉवर कॉर्ड म्हणतात त्याला, दोनच सूर असले आणि ते जुळणारे असले की कितीही गेन लावा, घट्ट ऐकू येतं. मुलगा घरी आला की त्याच्या हाताकडे बघा, बहुतेक दोन-तीनच तारा मारताना दिसेल.

गेन कमी केल्यावर पहिले दोन दिवस तुम्हाला आवाज बोडका वाटेल, आणि वाजवताना बारीकसारीक चुका पण ऐकू यायला लागतील, दाबताना तार अर्धवट राहिली, पिक (तार छेडायची चकती) दोनदा लागला, असं सगळं. ते चांगलंच आहे. जास्त गेनमध्ये हळू मारा की जोरात मारा आवाज सारखाच येतो, सगळं एका पातळीवर दाबलं जातं, त्यामुळे चूक पण लपते आणि हातातला भाव पण लपतो. चाल वाजवणाऱ्याला तो भावच तं पाहिजे.

मिडकडे येऊ. मिड झिरोचा हा प्रकार मला, खरं सांगू का, पटतच नाही. गिटारचा जीव मधल्या पट्ट्यात आहे. सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झच्या आसपास वाजते, सगळ्यात बारीक तार मोकळी वाजवली तर ३३० च्या आसपास, आणि आपल्याला "ही गिटार आहे" असं ज्याने ओळखू येतं ते सगळं त्याच्या वर दोन-तीन हजारापर्यंत पसरलेलं असतं. तोच भाग काढून टाकला की उरतं काय, खाली गुरगुर नि वर चिरचिर. मग एकटं असताना ते छान का वाटतं? कारण आवाज हळू असला की आपल्या कानाला खालचे नि वरचे सूर कमी ऐकू येतात, मधले त्या मानाने नीट येतात. फ्लेचर आणि मन्सन नावाच्या दोघांनी १९३३ मध्ये हे मोजून मांडलं. म्हणून घरी हळू आवाजात वाजवणारा माणूस आपोआप बास नि ट्रेबल वाढवत जातो, त्याला ते भरल्यासारखं वाटतं. तीच सेटिंग घेऊन तो स्टेजवर जातो, व्हॉल्यूम वाढतो, बास घुमायला लागतो, ट्रेबल कानात टोचतो, बाजूला ढोलक नि कीबोर्डने खालची जागा घेतलेली, खंजिरीने वरची, आणि गिटार कुठे गेली म्हणून हा शोधून राहिला. तुम्ही गणपतीत वाजवणार आहात म्हणून हे आत्ताच सांगतो, मिड ६ च्या खाली नेऊ नका, ७ पण चालेल. बास तं तसाही तुमच्या छोट्या अँपमध्ये फार निघणार नाही, स्पीकर सहा-आठ इंचाचा असेल, दहावर ठेवला तर नुसता फडफडतो.

एक प्रयोग करा. एकच चाल, चार-पाच सुरांची, तीच तीच वाजवायची आणि दर वेळी एकच नॉब हलवायचा, बाकीच्यांना हात नाही लावायचा. आधी मिड शून्य ते दहा, मग परत ६ वर आणून ट्रेबल, मग बास. शून्य नि दहा या दोन टोकांना काय होतं ते एकदा ऐकलं की मधलं आपोआप कळतं. बहुतेक अँपमध्ये हे तीन नॉब एकमेकांत गुंतलेले असतात, ट्रेबल हलवला की मिडचा पण परिणाम थोडा बदलतो, म्हणून तिन्ही एकदम फिरवले की काहीच समजत नाही.

आता गिटारवरचे नॉब, ज्यांना कोणी हात लावत नाही. तीन नॉब नि पाच जागांचा स्विच म्हणजे तुमची गिटार स्ट्रॅटोकास्टरच्या घाटाची आहे, फेंडर कंपनीने १९५४ मध्ये काढलेली ती, आज अर्ध्या जगातली सुरुवातीची गिटार तिचीच कॉपी असते. मूळ गिटारीला स्विच तीनच जागांचा होता, वाजवणारे तो दोन जागांच्या मधात अडकवून ठेवायचे कारण तिथला आवाज आवडायचा, शेवटी १९७७ च्या सुमारास कंपनीनेच पाच जागांचा दिला.

गिटार नेहमीसारखी धरली की स्विचचं टोक खाली, ब्रिजकडे (जिथे तारा बांधल्या असतात तिथे) झुकलं की ब्रिजचा पिकअप (तारांखालची, त्यांचं हलणं पकडणारी पट्टी) चालू, वर मानेकडे झुकलं की नेकचा. पिकअप सगळे सारखेच असतात जवळपास, फरक जागेचा आहे. तार ब्रिजजवळ घट्ट बांधलेली असल्यामुळे तिथे ती फार हलत नाही, मूळ सूर कमी नि वरचे बारीक सूर जास्त, म्हणून तिथला आवाज टोकदार. मानेकडे तार मोकळी झुलते, तिथला आवाज भरीव नि गोल. हे बघायला स्विचचीही गरज नाही, स्विच एका जागी ठेवून पिक एकदा ब्रिजला अगदी चिकटून मारा आणि एकदा मानेजवळ मारा, तार तीच, सूर तोच, पण एकदा पत्र्यावर खडा पडल्यासारखं टण्ण आणि एकदा मऊ. तुमचा स्विच सध्या ब्रिजवर असणार, चरचर लाल बटणाची आहे तेवढीच याची पण आहे.

तुमच्या कामासाठी स्विच मानेवर, किंवा मानेकडून दुसऱ्या जागेवर. टोनचा नॉब ६-७ वर आणा. टोन फक्त कमी करतो, वाढवत नाही, दहावर असला म्हणजे सगळं मोकळं आणि खाली आणाल तसा वरचा चिरका भाग जातो. दोन टोन नॉब असतात, जुन्या पद्धतीच्या वायरिंगमध्ये एक मानेच्या पिकअपचा नि एक मधल्याचा, ब्रिजला टोनच नसतो. त्यामुळे ब्रिजवर असताना टोन फिरवून काहीच झालं नाही तर नॉब बिघडला म्हणून बर्डीवर दुकानात नेऊ नका, तो तसाच असतो. काही कंपन्या वेगळं वायरिंग करतात, तुम्ही तिन्ही पिकअपवर फिरवून बघा कळेल.

आणि गिटारचा व्हॉल्यूम. तो दहावर ठेवून विसरून जायचा नॉब नाही. सात-आठवर ठेवा, साथ द्यायची असली की तिथेच, चालीचा मुख्य तुकडा आला की करंगळीने दहावर, झाला की परत सात. अँपकडे उठून जायची गरजच नाही. सातवर आवाज थोडा दबका पण वाटेल, म्हणजे वरची चमक थोडी जाते, स्वस्त गिटारीत जास्तच जाते, तेव्हा टोन थोडा उघडायचा.

घूंऽऽ चं बघू. तुमच्या गिटारीत एका गुंडाळीचे पिकअप आहेत, ते तारेचं हलणं पकडतात तसं आजूबाजूच्या विजेची घरघर पण पकडतात. आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची, तीच ती घूं. कूलरची मोटर त्यात भर घालते, रेग्युलेटर, डिमर, स्वस्त एलईडी, मोबाइलचा चार्जर हे पण घालतात. आता नवतप्यात कूलर बंद ठेवून रियाज करा असं मी म्हणणार नाही, नागपुरात राहतो मी पण. दुसरं करा. स्टुलावर बसून गिटार हातात घ्या नि हळूहळू गोल फिरा, एका कोनात घरघर एकदम कमी होते, तिथेच तोंड करून बसायचं. कूलर नि अँप एकाच बोर्डावर नको, दोन्हीच्या मधात खोलीभर अंतर असू द्या. आणि स्विच दुसऱ्या किंवा चौथ्या जागेवर ठेवून बघा, आजकालच्या बऱ्याच गिटारींत तिथे दोन पिकअप उलट-सुलट जोडलेले असतात आणि घरघर एकमेकांना खाऊन टाकते. वर सांगितली ती मानेकडून दुसरी जागा, तीच ही, म्हणजे एका दगडात दोन पक्षी. गेन कमी केल्यावरही घूं बरीच उतरेल, कारण गेन सुरासोबत घरघर पण वाढवतो.

तारांना हात लावला की घूं कमी होते का? होत असेल तर ते नॉर्मल आहे, घाबरू नका. पण हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, अगदी थोड्या जरी आल्या, तर त्याच क्षणी अँप बंद करून प्लग काढायचा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवून सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्यायचं, ते होईपर्यंत गिटारला हात नाही. जुन्या घरांत तीन पिनचं सॉकेट दिसतं पण तिसऱ्या भोकाच्या मागे वायरच नसते कधीकधी. आणि घरघर जाते म्हणून अँपची अर्थची पिन काढून टाका किंवा दोन पिनचा अ‍ॅडाप्टर लावा असा सल्ला कोणी दिला तर त्याचं बिलकुल ऐकू नका, तारा थेट त्या अर्थला जोडलेल्या असतात, जिवाशी खेळ आहे तो.

कूलरचं अजून एक, त्याच्या ओल्या हवेने तारा लवकर गंजतात. वाजवून झालं की कोरड्या सुती कापडाने पुसा आणि गिटार कूलरच्या झोतात उभी ठेवू नका. मुलाच्या काळातल्याच तारा असतील तर त्या बदलाच, गंजक्या तारेतून गोल आवाज कोणत्याच नॉबने निघत नाही. नऊ नंबरचा सेट मागा, बोटांना हलका जातो.

अँप जमिनीवर ठेवला असेल तर उचलून खुर्चीवर ठेवा किंवा मागे टेकवून तिरपा करा, स्पीकरचं तोंड कानाकडे. छोट्या स्पीकरचा चिरका भाग सरळ रेषेत जातो, अँप पायाशी असला की तो तुमच्या घोट्यांना ऐकू जातो नि तुम्हाला नाही, मग तुम्ही ट्रेबल वाढवता आणि समोर सोफ्यावर बसलेला माणूस उठून आत जातो.

पेडल, म्हणजे पायाने दाबून आवाज बदलायचा तो डबा? नका घेऊ. आत्ता तर नकोच. डिस्टॉर्शनचं पेडल तुम्हाला नको आहे, ज्याच्यापासून सुटका पाहिजे तेच पैसे देऊन परत आणाल. तुम्ही लिहिलेल्या नॉबांत रिव्हर्बचा (आवाजाला घुमारा देणारा) नॉब नाही, तर पुढेमागे एखादं साधं रिव्हर्बचं पेडल घेतलं तर जुन्या गाण्यांना ते शोभेल, पण ते गणपती झाल्यावर बघू. आधी तारांचा नवीन सेट नि एक बरी केबल, बस.

गणपतीच्या दिवशी साउंडवाला बहुतेक म्हणेल, मॅडम गिटारची वायर द्या, सरळ मिक्सरमध्ये घालतो. नाही म्हणा. गिटारच्या स्पीकरमधून पाच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं येतच नाही, त्यामुळे आवाज आपोआप मऊ होतो. गिटार सरळ मिक्सरमध्ये घातली की हे गाळणं निघून जातं, शिवाय मिक्सरचं साधं इनपुट तिच्या बारक्या सिग्नलशी जुळत नाही, आवाज पातळ नि रुक्ष येतो. तुमचा छोटा अँप खुर्चीवर ठेवा, समोर गाण्याचा साधा माइक लावायला सांगा, स्पीकरच्या बरोबर मधात नको, जरा कडेला, जाळीपासून दोन बोटं लांब. तुमचं सेटिंग तेच राहतं आणि मोठं करायचं काम त्याचं. मंडपात बास घुमत असेल तर तुमच्या अँपवर बास ४ वरून २ वर आणा, ट्रेबलला हात लावायच्या आधी. साउंड चेकच्या वेळी सोसायटीतल्या कोणालातरी शेवटच्या रांगेत उभं करा आणि चाल ओळखू येते का विचारा, कारण स्टेजवरून तुम्हाला ते कळणार नाही. तेव्हा जे आकडे ठरतील ते पेनाने लिहिले तरी चालतील.